ओल्या चुन्यावर निळा

तनुजाने ब्लेडचे टोक निळ्या थराखाली सरकवले आणि मनगट हलकेच उचलले. निळा सुटला नाही. वरचे थर सकाळपासून कांद्याच्या पापुद्र्यासारखे निघत आले होते. हा मात्र निघाला तो खालच्या रंगाचा तुकडा बरोबर घेऊनच. तिने तो तळहातावर ठेवला. नखाएवढा तुकडा, एका अंगाने निळा, दुसऱ्या अंगाने गुलाबी.

“आई, टॉर्च जरा खाली घ्या.”

तिच्या सासूने, द्वारकाबाईंनी, टॉर्च खाली घेतला. मधल्या खोलीत दिवसाही उजेड कमीच असे. वर झरोक्यांना रंगीत काचा होत्या. सकाळी त्यांतून तांबडे-हिरवे ठिपके फरशीवर उतरत आणि उन्हाबरोबर कडेकडेने सरकत जात. आता ते तनुजाच्या पाठीवर होते.

“हे दोन रंग एकमेकांना सोडतच नाहीत,” तनुजा म्हणाली. “बाकी सगळे सुटले. हेच का नाही?”

“चुना ओला असताना त्याच्यावर दुसरा चुना बसला की दोन्ही एक होत्यात.”

चुन्याच्या धंद्यातल्या घरात सगळा संसार केलेल्या बाईचे ते सवयीचे उत्तर होते. ते तोंडातून निघून गेल्यावर द्वारकाबाई थबकल्या.

“बरोबर. आणि हे बघा.” तनुजाने भिंग भिंतीला लावले. “प्रत्येक दोन रंगांच्या मध्ये काजळीची बारीक रेघ आहे. चुलीचा धूर, दिव्यांचा धूर. पिवळ्यावर आहे, हिरव्यावर आहे. निळ्यावर तर चांगली जाड आहे. गुलाबीवर नाहीच. म्हणजे गुलाबी दिला आणि लगेच वरून निळा. मध्ये या घरात चूल पेटली की नाही, कोण जाणे!”

हे ती आनंदाने सांगत होती. जुन्या इमारती दुरुस्त करणे हे तिचे काम होते, आणि एखादी भिंत आपणहून काही बोलली की तिचा आवाज असाच चढत असे.

“गुलाबी कधीचा, आई?”

“असंल कवातरी.”

टॉर्चचा गोल भिंतीवरून घसरून फरशीवर आला आणि तिथेच राहिला.

बेगमपुऱ्यातले हिवराळ्यांचे घर त्या वर्षी दिवाळीपासून दुरुस्तीला काढले होते. आता फाल्गुन लागला होता आणि मधली खोली सोडून सगळे झाले होते. पुढच्या कमानींवरचा सिमेंटचा गिलावा काढल्यावर आतून विटांची नक्षी निघाली. छताला ठोकलेले प्लायवूड उतरवल्यावर सागाच्या तुळया दिसल्या, आणि एका तुळईवर सुताराने कोळशाने ओढलेली रेघ अजून तशीच होती. घराच्या मागच्या भिंतीतून खापराचा नळ जात असे. एके काळी नहरीचे पाणी त्यातून अंगणातल्या हौदात पडायचे; पुढे नळ बुजला आणि हौदात तुळशीच्या कुंड्या आल्या. तनुजाने नळ मोकळा करून घेतला आणि त्यात बोअरचे पाणी सोडले. छोट्या पंपावर तेच ते पाणी फिरत राहते. पण भिंतीला कान लावला तर पंप ऐकू येत नाही. लांबून कोणीतरी सावकाश चालत येत असल्यासारखा आवाज येतो, आणि ते माणूस काही पोचत नाही.

घर मूळचे निजामाच्या एका महसुली अधिकाऱ्याचे. तो कुटुंबासह हैदराबादला निघून गेला तेव्हा ते द्वारकाबाईंच्या सासऱ्यांनी, धोंडिबा हिवराळ्यांनी घेतले. घरात त्यांना दादा म्हणत. धोंडिबांची पडेगावच्या रस्त्याला चुन्याची भट्टी होती, आणि या घराला चुना तेच पुरवत. त्या काळी त्यांची बैलगाडी मागच्या दाराशी उभी राहायची. अंगणातल्या चुन्याच्या कुंडापुढे त्यांचे पाऊल कधी पडले नव्हते. घर घेतल्यावर ते पहिल्यांदा पुढच्या दाराने आत आले, मधल्या खोलीत गेले, भिंतीवरून तळहात फिरवला आणि म्हणाले, “चुना आपलाच हाय.” एवढेच. हे वाक्य घरात तिसऱ्या पिढीपर्यंत आले होते.

आणि त्याच्याबरोबर एक रीत आली होती. हिवराळ्यांच्या घरात लग्न निघाले की भिंतींना नवा रंग. दुसऱ्यांच्या घरांना आपण चुना देतो, तर आपल्या घराला मजूर लावायचा नाही. सगळे घर घरच्यांनी रंगवायचे, आणि मुलाचे लग्न असेल तर मधल्या खोलीला शेवटचा हात खुद्द नवऱ्या मुलाने द्यायचा. नवी नवरी घरात यायची ती त्याच्या हाताचा वास अजून भिंतीला असताना.

म्हणून त्या भिंतीत रंग म्हणजे लग्ने होती. तनुजाने एका बाजूला वीतभर रुंदीची पट्टी आखून तिच्यात एकेक थर पायरीसारखा उघडा करत नेला होता. तळाला निजामाच्या काळचा घोटलेला पांढरा, मग धोंडिबांच्या भावांचे, पुतण्यांचे रंग. पट्टीला काच लावून ती तशीच ठेवायची आणि बाकीच्या खोलीला या रंगांपैकी एक द्यायचा, असे ठरले होते. कोणता, ते द्वारकाबाईंनी सांगायचे होते. खरे तर सांगण्यासारखे काही नव्हते. सगळ्यांना ठाऊकच होते.

“निळाच,” तनुजाच्या नवऱ्याने, अभयने, सकाळी पुण्याहून फोनवर सांगितले होते. “आईचा निळा. फोटोत पण भारी येतो.”

सगळ्यात वरचा थर अभयच्या लग्नाचा. बिस्किटी प्लॅस्टिक पेंट. तोवर भट्टी बंद पडून बरीच वर्षे झाली होती, अभय नोकरीवरून लग्नाच्या आदल्या दिवशी पोचला होता, आणि रंग दुकानातून द्वारकाबाईंनी आणला होता. मजुरांनी एका दिवसात सगळे घर उरकले. त्या पेंटखाली भिंत घुसमटून जागोजाग फुगली होती.

“माझ्या वाट्याला बिस्किट आलं,” ते खरवडताना तनुजा हसली होती. “तेही चहात पडलेलं.”

“मळत नाय म्हणून आणला गं.”

“मळला नाही, आई. फुगला.”

निळ्याची गोष्ट घरात सगळ्यांना पाठ होती, आणि द्वारकाबाई ती नेहमी सारखीच सांगत.

फर्दापूरला त्यांना बघायला पाहुणे आले. बैठकीत मोठी माणसे. नाव काय, शाळा किती, भाकरी येते का, चालून दाखव. त्या पाटावर मान खाली घालून बसलेल्या. तेवढ्यात नवरा मुलगा, जो आल्यापासून एक शब्द बोलला नव्हता, एकदम म्हणाला, “रंग कोणता आवडतो?” क्षणभर कोणाला काही कळेना. मग सगळी बैठक हसली. मामा म्हणाले, अहो, पोरगी बघायला आलात का साडी घ्यायला? त्या हसण्यात द्वारकाबाईंनी मान वर केली आणि म्हटले, “निळा.”

पंधरवड्यात लग्न झाले. बेगमपुऱ्यातल्या घरात त्या आल्या तेव्हा मधली खोली निळी होती, आणि इतकी ओली, की भिंतीला टेकलेला त्यांचा हात निळा झाला. सासरच्या बायका पुन्हा हसल्या. द्वारकाबाईंना ते हसणे आठवत नसे. त्यांना आठवे ते त्या खोलीत पहिले पाऊल टाकल्यावर पाण्यात उतरल्यासारखे वाटले होते ते. तळ लागत नाही आणि भीतीही वाटत नाही, अशा पाण्यात.

या घरात त्यांचे म्हणून फार काही नव्हते. भांडी सासूने निवडलेली, दार सासऱ्यांनी केलेले, हौदाजवळची तुळस नणंदेने लावलेली. निळी भिंत मात्र त्यांना विचारून झाली होती. पुढे तिच्यावर नणंदेच्या लग्नाचा शेवाळी चढला, मग दिराचा, मग बिस्किटी. पण आत निळा आहे हे त्यांना ठाऊक होते. तव्यावरची भाकरी उलटताना, तापलेल्या पोराच्या कपाळावर घड्या बदलताना, कोणी काही लागेलसे बोलले की त्या सहज त्या भिंतीकडे बघत.

आता त्या पट्टीकडे बघत उभ्या होत्या. सहज हात वर गेला आणि कोनाड्यात शिरला. या कोनाड्यात त्या दिवा ठेवीत. कोनाड्याच्या आतल्या बाजूला, वर, जिथे कुंचा वळत नाही, तिथे कोपऱ्यात एक गुलाबी ओरखडा होता. नवीन असताना त्यांनी सासूला विचारले होते, हे काय. सासू म्हणाली होती, ओल आली असंल. चुन्याच्या घरात असून त्यांनी ते मानले होते.

आणखी एक गोष्ट त्यांनी अशीच मानली होती. पहिल्याच वर्षी हौदावर धुणे धुताना नणंद कोणाला तरी म्हणाली होती, “खुलताबादची गेली म्हणून तर फर्दापूरची आली.” सासूने धुण्याचा पिळा तिच्या पाठीत मारला होता. बायका पुन्हा धुण्याला लागल्या होत्या. द्वारकाबाईंनीही साबण उचलला होता.

“आई, दुपारी आराम करा,” तनुजा म्हणाली. “संध्याकाळी सांगितलं तरी चालेल. उद्या रंग कालवायला घेऊ.”

“सांगते.”

“निळाच ना पण?”

द्वारकाबाईंनी टॉर्च बंद केला.

जेवायला द्वारकाबाईंचे यजमान सांडू हिवराळे अंगणातून आत आले. सत्तरी ओलांडलेला, उंच, थोडा वाकलेला माणूस. घरात सगळे त्यांना बापू म्हणत. दुरुस्तीच्या कामात त्यांनी एकच गोष्ट स्वतःकडे घेतली होती. मागच्या अंगणातले जुने कुंड साफ करून त्यांनी त्यात कळीचा चुना भिजवला होता, आणि रोज सकाळ-दुपार बांबूने तो ढवळत. पंचक्रोशीत आता असा चुना भिजवणारे कोणी राहिले नव्हते, हे ते स्वतः सांगत नसत. तनुजा सांगे.

ते पितळी वाटीतले तेल हाताला चोळत होते. चुना पाण्याने जात नाही, अंग खातो.

“काय म्हणते भिंत?” त्यांनी सुनेला विचारले.

“बोलतेय, बापू. तुमचा एक गुलाबी सापडला.”

तेल चोळणारे हात क्षणभर एकमेकांत तसेच राहिले. मग त्यांनी कोपरापर्यंत तेल नेले.

“वरण वाढ,” ते द्वारकाबाईंना म्हणाले.

त्यांनी वाढले. बापूंनी लिंबू पिळले. तनुजा काचेच्या फ्रेमबद्दल बोलत होती, आणि सुतार कसा रोज उद्या म्हणतो ते. द्वारकाबाई व्हय म्हणत होत्या. जेवणे झाली, तनुजा सुताराकडे गेली, आणि घर एकदम रिकामे झाले.

त्यांनी मधल्या खोलीत चटई टाकली. फरशीचा गारवा पाठीला लागला. भिंतीतून पाण्याचा आवाज येत होता, ते लांबचे माणूस चालत होते. डोळा लागला की नाही हे त्यांना नंतर सांगता आले नसते.

त्यांना दिसले की कोनाड्याच्या जागी दार आहे. इतकी वर्षे आपण दाराच्या जागी दिवा ठेवत आलो आणि कळले नाही, याचे त्यांना नवल वाटले नाही. दार उघडे होते. पलीकडे हीच खोली होती, तेवढीच, तेच झरोके, त्याच काचा, पण गुलाबी. पहाटे फुटायच्या आधी आभाळाला येतो तसा गुलाबी. बघत राहावे तसा फिका होत जाणारा. त्या खोलीत खिळ्याची भोके नव्हती. पाळण्याची कडी नव्हती. छताला धूर नव्हता. नुकत्याच झाडलेल्या फरशीवर एक पाऊल उमटलेले नव्हते. त्यांना वाटले होते इथे कोणी असेल, पाठमोरे, आरशात बघणारे. कोणी नव्हते. त्या उंबऱ्याशी उभ्या राहिल्या. रंग ओला होता. आत पाऊल टाकले असते तर कुठेतरी हात लागला असता. म्हणून त्या तिथेच थांबल्या, आणि पाण्याचा आवाज आता दोन्ही खोल्यांच्या मधून येत होता.

जाग आली तेव्हा तळहात उताणा चटईवर होता. त्यांनी तो डोळ्यांसमोर धरून पाहिला आणि मग उठल्या.

मागच्या अंगणात सीताफळाच्या झाडाखाली बापू कुंड ढवळत होते. पांढरा, जाड, लोण्यासारखा चुना बांबूमागे सावकाश वळत होता. द्वारकाबाई कुंडाच्या काठावर, त्यांच्यापासून जरा लांब बसल्या. पदराने मान पुसली. थोडा वेळ त्याही चुन्याकडे बघत राहिल्या.

“हुरमुंजी किती टाकली होती?” त्यांनी विचारले.

“कशात?”

“गुलाबीत.”

बांबू थांबला. चुन्यावरची वळी हळूहळू विरत गेली आणि वर सगळे सपाट झाले.

“मूठभर,” बापू म्हणाले. “चिमूट पुरली असती. लाल माती ती, लई चढते. मला तवा अंदाज नव्हता.”

“खुलताबादची ना?”

“व्हय.”

“नाव काय होतं?”

“गीता.” त्यांनी बांबू कुंडाच्या काठाला टेकवला. “गीताबाई. पुढं शिकली, हेडमास्तरीण झाली म्हणं. मी पुन्हा बघितली नाय कधी.”

“तिला गुलाबी आवडायचा का?”

बापूंनी द्वारकाबाईंकडे पाहिले. ते लपवत नव्हते, आठवत होते.

“माहीत नाय,” ते म्हणाले. “विचारलंच नव्हतं.”

घरात कुठेतरी सुताराने काढून ठेवलेले दार वाऱ्याने आपटले. दोघांनीही तिकडे पाहिले नाही.

“मी शेवटचा हात देत होतो,” बापू म्हणाले. “पोट्टे लोक बाहेर मांडवाचे बांबू रोवत होते. तिचा बाप आला. एकटाच. सायकलीवर, खुलताबादहून घाट उतरून. आत नाय आला, तिथं हौदापाशी उभा राहिला, टोपी हातात. दादांना म्हणला, पोरगी नाय म्हणती. दादा म्हणले, आता? आता नाय म्हणती? तर तो म्हणला, ती म्हणती मला कोणी विचारलंच नाय. आजवर. कॉलेजला जायचं म्हणती.” ते थांबले. “दादांनी लई शिव्या घातल्या. तो ऐकून घेत होता. मला तिथून सगळं ऐकू येत होतं. कुंचा हातात, रंग कोपरापर्यंत ओघळलेला.”

“मंग?”

“मंग काय. दादा हट्टाला पेटले. म्हणले, मांडव उतरवायचा नाय. तारीख थोडी पुढं सरकवू, पण ह्याच मांडवात लगीन लावू. तुझ्या मामाची वळख निघाली. फर्दापूर.”

द्वारकाबाईंनी कुंडाच्या कडेला वाळलेला चुन्याचा पापुद्रा नखाने काढला. त्याचा चुरा बोटावर आला.

“मला म्हणले तू नको येऊ, आम्ही बघून येतो,” बापू म्हणाले. “मी म्हणलं, येतो. एक विचारायचंय.”

“रंग.”

“रंग नव्हता विचारायचा.” ते हसले. वयाने दात गेलेले, तोंड अर्धवट झाकून हसणे. “विचारायचं होतं, तुला करायचंय का हे लगीन. घाटभर मनात तेच घोकत होतो. आन् तिथं येऊन बसलो तर इत्ती माणसं. तुझे मामा मिशीला पीळ देत बसलेले. ते कसं विचारणार त्यांच्यासमोर? तोंड उघडलं आन् रंग निघाला.”

द्वारकाबाई हसल्या नाहीत. त्यांच्या डोळ्यांसमोर ती बैठक होती, पण नेहमीपेक्षा वेगळ्या बाजूने. पाटावरून दिसणारी नाही, समोरून.

“आन् मी निळा म्हणलं.”

“तू मान वर करून म्हणलीस,” बापू म्हणाले. “मला तेवढं पुरलं.”

त्यांनी पुन्हा बांबू उचलला. चुना जड झाला होता. ढवळायला जोर लागत होता. द्वारकाबाई उठल्या आणि सवयीने बाजूच्या घागरीतले पाणी कुंडात ओतले, पुरेसे होईपर्यंत, आणि पुन्हा काठावर बसल्या. किती पुरेसे हे दोघांनाही सांगावे लागत नव्हते.

“घरी आलो तर दादा म्हणले, गुलाबी हाय की, नवाकोरा, कशाला पुन्हा. मी नीळ आणली. बाजारात होती नव्हती तेवढी. रंग धरंना, खालचा गुलाबी वर यायला बघायचा. तीन हात दिले.”

“म्हणून ओला होता.”

“म्हणून ओला होता.”

“इतकी वर्सं बोलला नाय.”

“तू हुरमुंजी कवा विचारली?”

त्यावर मात्र द्वारकाबाईंना हसू आले, आणि ते आले म्हणून रागही आला. त्यांनी तोंड वळवले. हौदात पाणी पडत होते. त्या हौदाशी एक माणूस टोपी हातात घेऊन उभा होता आणि दुसऱ्याच्या शिव्या ऐकत होता, आणि घाटाच्या वर, खुलताबादेत, एक मुलगी घरात बसली होती आणि तिने नाही म्हटले होते. ती व्हय म्हणाली असती तर मधली खोली गुलाबी राहिली असती. आणि ती नुसतीच मेली-बिली असती, पळून गेली असती, तर पाटावर बसलेल्या मुलीला कोणी काही विचारले नसते. भाकरी येते का, चालून दाखव, एवढेच. त्या एकाच प्रश्नावर आपण इतकी वर्षे पाय रोवून उभ्या आहोत, आणि तो प्रश्न त्या बाईने घडवला. तिला ते माहीतही नाही.

आणि खरा प्रश्न विचारला असता तर? द्वारकाबाईंनी मनात ती बैठक पुन्हा मांडली. मामा, मिशी, पाट. तुला करायचंय का. त्यांनी उत्तर शोधले. पुष्कळ वेळ शोधले. मग कुंडाच्या काठावरून उठल्या आणि पदराने हात पुसले.

“तिचा पत्ता मिळंल का?” त्यांनी विचारले.

“कोणाचा?”

“जाऊ द्या.”

मधल्या खोलीत तनुजा परत आली होती. सुतार आजही उद्या म्हणाला होता. ती गुडघ्यावर बसून सकाळचे खरवडलेले पापुद्रे सुपलीत भरत होती: वर बिस्किटी, मध्ये शेवाळी, निळ्या-गुलाबीचा एकच तुकडा. ऊन आता पश्चिमेच्या काचांतून येत होते. ठिपके उलट बाजूने निघून पट्टीच्या पायऱ्यांवर चढले होते, त्यामुळे हिरवा कोणता काचेचा आणि कोणता भिंतीचा, हे कळत नव्हते.

“ठरलं, आई?” तिने वर न बघता विचारले. “निळ्यासाठी नीळ जास्त लागणार आहे. मी सांगून ठेवलीय दुकानात. अभयचा पुन्हा फोन आला होता, म्हणे आईला कशाला विचारता, ठरलेलंच आहे.”

द्वारकाबाई दारात उभ्या राहिल्या. त्यांच्या मागे बापू आले. हाताला चुना तसाच होता.

“तुझ्या लग्नाला बिस्किटी मी आणला,” द्वारकाबाई म्हणाल्या.

“मळत नाही म्हणून.” तनुजा हसली. “माफ केलं ना तुम्हाला कधीच.”

“अभयनं शेवटचा हात दिला नव्हता.”

“तो आदल्या दिवशी आला होता, आई. हळद लावायलाच वेळ नव्हता.”

“तुला कोणता आवडतो?”

तनुजाचा सुपलीवरचा हात थांबला. “कशाचा?”

“रंग.”

“म्हणजे, बघा ना, मूळचा पांढरा हा सगळ्यात जुना आहे, पण घरात राहणाऱ्यांच्या दृष्टीनं निळा जास्त...”

“मूळचा नाय विचारला. माझा नाय. भिंतीचा नाय.” द्वारकाबाई आत आल्या आणि तिच्यासमोर फरशीवर बसल्या, गुडघा धरत, हळूहळू. “तुला कोणता आवडतो?”

तनुजाने पट्टीकडे पाहिले. पिवळ्यावरून हिरव्यावर, निळ्यावर, वर. मग पट्टीच्या बाहेर, अजून कोणताच रंग नसलेल्या भिंतीकडे. लग्नाला पंधराएक वर्षे झाली होती, दुसऱ्यांच्या घरांचे रंग ती झोपेत सांगू शकत होती. भिंतीतले पाणी तेवढे वाहत होते. दारात बापू बोटांवरचा चुना वाळू न देता एकमेकांवर घासत उभे होते.

“मला...” ती म्हणाली. मग सुपली बाजूला ठेवली. “मला जरा विचार करावा लागेल.”

“कर की,” द्वारकाबाई म्हणाल्या. “चुना काय, भिजंल तेवढा चांगला.”